सुएझचा कालवा आणि कन्हानची मरळ

१९६७ सालच्या उन्हाळ्यात कन्हानच्या शालिकराम नान्ह्यानं मासे खाणं सोडलं, ही बातमी नदीच्या दोन्ही काठांना दिवसाभरात कळली. दुसऱ्या कुणी सोडले असते तर लोक म्हणाले असते, बरं झालं, पुण्य लागेल. पण शालिकराम ढिवर होता. ढिवराच्या घरी मासा शिजला नाही तर मांजरंसुद्धा चौकशीला येतात. कुणी म्हणालं, त्यानं माळ घातली. कुणी म्हणालं, डॉक्टरनं मना केलं. एकानं बायकोशी भांडण झाल्याचा अंदाज बांधला. तो त्या दिवशी चुकीचा होता, पण पुढे फार दिवस चुकीचा राहिला नाही.

खरं कारण एक डोंगा होता, आणि तो डोंगा त्या वेळी मुंबईच्या वाटेवर होता.

शालिकरामचा हात जाळ्यापेक्षा रंध्यावर जास्त बसलेला. खाप्यापासून खाली कन्हान नदीवर जेवढे डोंगे, म्हणजे लाकडी नावा, चालत, त्यांतले निम्मे त्याच्या नाही तर त्याच्या बापाच्या हातचे. उरलेले निम्मे गळतात, असं त्याची आई भीमाबाई सांगे. या घराण्याचा एक नेम होता. डोंग्याला शेवटचा खिळा मारला की करणाऱ्यानं मासा तोंडात घालायचा नाही. डोंगा आधी काठाशी दगड घालून पाण्यात बुडवायचा. रात्रभर लाकूड पाणी पितं, फुगतं, फळ्यांचे सांधे आवळतात. सकाळी उपसायचा, आणि पहिल्यांदा त्यात करणाऱ्यानं एकट्यानं बसून पार जाऊन यायचं. मग घरी मरळीचा रस्सा. असं का, हे कुणी विचारलं की भीमाबाई समजावून सांगे.

"माशायले बी मोका भेटाले पाह्यजे ना गा. डोंगा बुडला तं ते तुले खातीन. तरला तं तू त्यायले खाय. आधीच खाऊन बसला तं तो कायचा न्याय?"

एरवी या न्यायापायी फार तर दोन जेवणं जायची. या खेपेला भानगड निराळी झाली.

जवळच्या कोळशाच्या खाणीत नवी यंत्रं बसवायला एक जर्मन साहेब आला होता. नाव लांबलचक होतं. गावानं 'जर्मन साहेब' एवढ्यावर काम भागवलं. त्याचं घर तिकडे एका मोठ्या तळ्याच्या काठी, आणि त्याला वेड शिडाच्या होडीचं. त्यांच्याकडे तिला यॉट म्हणतात. इकडचं सागवान पाहून त्याच्या मनानं घेतलं की होडी इथंच बांधायची आणि घरी न्यायची. नदीवरचे डोंगे बघत बघत तो शालिकरामच्या अंगणात पोचला आणि त्यानं जमिनीवर नकाशा पसरला. शालिकरामनं तो उलटासुलटा करून पाहिला.

"डोंगाच आहे," तो म्हणाला. "पोट जरासं खोल आहे, अन् मधात खांब गाडला आहे."

पूर्ण हिवाळा साहेबाच्या बंगल्याच्या आवारात काम चाललं. दोघांना मिळून वीसेक शब्द समान होते, त्यांतले निम्मे लाकडांचे आणि हत्यारांचे. तरी भांडणं रीतसर व्हायची. होडीच्या पोटाखाली जी उभी फळी होती, ती कन्हानच्या रेतीत फसेल, असं शालिकरामचं मत. साहेब हातानं वारा दाखवायचा, आडवी होणारी होडी दाखवायचा, मग त्या फळीनं सरळ होणारी होडी दाखवायचा. शालिकराम मान डोलवायचा आणि म्हणायचा, "फसन."

एके दिवशी साहेबानं खिशातून फोटो काढला. त्याची मुलगी. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. त्यानं आधी मुलीकडे बोट केलं, मग होडीतल्या पुढच्या पाटाकडे. म्हणजे ही पोरगी इथं बसणार. शालिकरामनं त्या पाटावर आणखी एकदा रंधा फिरवला.

मे महिना सरता सरता शेवटचा खिळा बसला. साहेबाची मुदतही संपत आली होती. दुसऱ्या दिवशी होडी नदीत बुडवायची, परवा पार नेऊन आणायची, वाळवायची, मग पेटीत बंद करून मालगाडीनं मुंबईला आणि तिथून जहाजानं जर्मनीला, असं शालिकरामनं मनात ठरवलं होतं. मनात ठरवलेली गोष्ट साहेबाला सांगायला पाहिजे, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. नवा डोंगा पाणी पितो हे कुणाला सांगायची त्याच्यावर कधी पाळीच आली नव्हती. कन्हानला ते पोरांनाही ठाऊक. तो नारळ आणि नवं धोतर आणायला सकाळच्या गाडीनं नागपूरला इतवारीत गेला.

त्याच सकाळी रेल्वेच्या मालधक्क्यावर एक उघडी वाघीण, म्हणजे बिनछपराचा मालडबा, रिकामी आली. तिथले बाबू आनंदराव, छप्पन साली, नागपूरच्या दीक्षेच्या वर्षी नोकरीला लागलेले, मोठे मनमिळाऊ. होडीसाठी वाघीण मिळत नाही म्हणून साहेब त्यांच्याकडे खेटे घालत होता. त्यांनी लगेच माणूस धाडला : आज भरत असाल तर भरा, पुन्हा कधी येईल सांगवत नाही. साहेबानं खाणीतली माणसं बोलावली, फळ्यांची पेटी ठोकली, आणि दुपारपर्यंत होडी वाघिणीवर चढून निघूनही गेली. तिच्यामागे साहेबही गेला. जाताना आपला जर्मन रंधा शालिकरामसाठी ठेवून गेला.

शालिकराम नारळ घेऊन परतला तेव्हा आवारात भुसा होता आणि होडीच्या आकाराचं दबलेलं गवत. तो तसाच मालधक्क्यावर गेला. आनंदराव खुशीत होते.

"शालिकराम, काम फत्ते. अशी वाघीण नशिबानं मिळते."

"बाबू, त्यानं पाणी नाही पेलं."

"कुणी? साहेबानं? चहा घेऊन गेला की."

"डोंग्यानं."

आनंदरावांना सगळं समजावून सांगायला वेळ लागला. कोरडी होडी महिनाभर उन्हातान्हात जाणार. फळ्या आकसणार, सांधे उघडणार. तिकडे साहेब ती हौसेनं तळ्यात लोटणार आणि पुढच्या पाटावर ती दात पडलेली पोरगी बसवणार. काठापासून थोडं दूर गेलं की पाणी आत यायला लागणार.

"आमी केलेल्या डोंग्यात पयले आमी बसतो," शालिकराम म्हणाला. "बुडाचं तं आमी बुडाचं. दुसऱ्याच्या पोरीले काहून बसवाचं?"

आनंदरावांचा खुशीचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून ती होडी जितकी शालिकरामची, तितकीच त्यांचीही झाली.

घरी वेगळीच कचेरी भरली. बायको कौशल्याला आधी दुपट्टा आठवला. खांद्यावरचा लाल काठाचा दुपट्टा शालिकरामनं काम करताना होडीत काढून ठेवला होता, तोही पेटीत बंद होऊन गेला. त्यावर यथास्थित बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आता मासे कई खानार तुमी?"

शालिकरामनं आईकडे पाहिलं. भीमाबाईनं सुपारी कातरत विचार केला.

"डोंगा पार होऊन आल्याची खबर येऊ दे."

"अन् यायले बसाले पाह्यजे ना त्याच्यात? हे कई जातीन जर्मनीले?"

"ते मंग पाहू."

"रस्त्यानं पाऊस पडला त्याच्यावर, तं पाणी लागलंच ना?"

"पाणी डोंग्यावर येणं येगळं वं," भीमाबाई म्हणाली, "अन् डोंग्यानं पाण्यात जाणं येगळं."

त्याच आठवड्यात आनंदरावांनी खाणीच्या कचेरीतून पत्ता आणून साहेबाला पत्र लिहिलं. मॅट्रिकला इंग्रजीत ते पास होते, पण तिथं डोंगा कुठंच पाणी पीत नव्हता.

"किती पाजायचं लिहू? बादलीभर?"

"बादलीनं काय होते बाबू? पोटभर."

आनंदरावांनी लिहिलं की आपली होडी तहानलेली आहे, तिला प्रथम पोटभर पाणी पाजावे आणि मुलीला त्यानंतरच बसवावे. बुडवण्याचा उल्लेख त्यांनी मुद्दामच टाळला. होडीच्या पत्रात तो शब्द त्यांना अशुभ वाटला. पत्र विमानानं गेलं. आठ-दहा दिवसांत पोचेल, होडीला महिना लागेल, तेव्हा काळजी नको, असा त्यांचा हिशेब होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते पेपर आणि पोराचा शाळेतला नकाशा काखेत मारून आले. तिकडे लढाई पेटली होती आणि सुएझचा कालवा बंद झाला होता. जहाज आता आफ्रिकेला वळसा घालून जाणार. त्यांनी नकाशावर बोट फिरवलं. बोट फिरतच राहिलं.

"एवढं फिरून काहून?" शालिकरामनं विचारलं.

"असं समज, कन्हानचा पूल बंद पडला. तर कामठीला जायला तुला खाप्यापर्यंत वर जाऊन, नदी ओलांडून, पुन्हा खाली यावं लागेल की नाही?"

"लढाई कोनाकोनाची आहे?"

आनंदरावांनी सांगितलं. शालिकरामनं ऐकून घेतलं. त्यांपैकी कुणाशीच त्याचं वाकडं नव्हतं.

सुएझचा कालवा बंद पडल्यानं जगात पुष्कळांचं नुकसान झालं. तेलाचे भाव चढले, जहाजं अडकून पडली. त्या नुकसानीत एका ढिवराच्या ताटातली मरळ कुणी धरली नाही. वर ती जायची वेळही वाईट. नदीला पाणी चढलं की कन्हानला माशांचे दिवस. कौशल्या रोज टोपली भरून कामठीच्या बाजाराला जायची, संध्याकाळी घरात रस्सा शिजायचा, आणि घरधनी एका बाजूला बसून वरणात भाकर कुस्करायचा. पोटाची त्याला खंत नव्हती. तो अधूनमधून घास हातात धरून तसाच बसे, आणि कौशल्याला कळे की हा आता त्या पुढच्या पाटापाशी आहे.

"डोंग्यात डोंगा बसून जाऊन राह्यला," तो एकदा म्हणाला. "चहूकडे पाणी अन् त्याले एक थेंब नाही."

कौशल्याला यात वाट दिसली. "मंग तो पाण्यावरच आहे ना, माय?"

"तू मायच्या कडेवर बसून नदी उतरली होती लहानपणी," भीमाबाई म्हणाली. "तेवढ्यानं पोहणं आलं काय तुले?"

कौशल्याचं दुखणं निराळं होतं. बाजारात बोलवा झाली होती. गिऱ्हाईक टोपलीतला मासा उलटा करून बघे, कल्ला उघडून बघे आणि विचारी, "काहून वं बाई, तुह्या नवऱ्यानंच म्हणे मासे सोडले. कोळशानं नदीचं पाणी नासलं काय?" ती जर्मन साहेबापासून सुरुवात करी. आफ्रिकेपर्यंत येईतो गिऱ्हाईक शेजारणीच्या टोपलीवर पोचलेलं असे.

"तुमचा डोंगा बुडन का तरन, देव जाणे," तिनं एकदा सुनावलं, "माहा धंदा तं बुडला."

दुसऱ्या दिवसापासून तिची टोपली शालिकराम स्वतः डोक्यावर घेऊन कामठीला नेऊ लागला आणि बाजारात तिच्याजवळ बसू लागला. लोकांनी त्याला माशांच्या शेजारी बसलेलं पाहावं, एवढाच हेतू. त्यानं थोडा फरक पडला.

आनंदरावांचेही हाल होते. रविवारी कौशल्याच्या हातचा रस्सा खायला यायचा त्यांचा शिरस्ता होता. आता ते जेवणवेळ टाळून येत, नकाशा उघडत, बोट इंचभर सरकवत आणि चहा पिऊन जात. खरं जहाज कुठं होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मुंबईच्या एजंटाकडून आफ्रिकेच्या वळशापलीकडे काही कळत नव्हतं, आणि साहेबाचं उत्तर नव्हतं. पण बोट एकाच जागी ठेवणं त्यांना बरं वाटत नसे. जुलैअखेर त्यांनी ते आफ्रिकेच्या टोकाला आणलं आणि तिथं वादळं फार असतात हे सांगायचं शिताफीनं टाळलं.

"पत्र पोचलं असन ना बाबू?"

"पोचलंच असेल. उलट बरंच झालं, जहाज लांबलं ते. पत्र आधी पोचलं."

हे शालिकरामला पटलं. कालवा बंद पडला ते आपल्याच कामाचं झालं, असं तो चार दिवस समाधानानं मानत होता. मग त्याच्या मनात आलं की पोचलेलं पत्र वाचून साहेबानं नुसती बादली ओतली तर? पुन्हा वरण गोड लागेना.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो नागपूरला मारबत पाहायला गेला. पिवळ्या मारबतीचा उंच पुतळा रस्त्यानं चालला होता, लोक ओरडत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. शालिकराम ओरडणाऱ्यांतला नव्हे. पण ती अगदी समोर आली तेव्हा तो हळूच म्हणाला, "कालव्याची पीडा घेऊन जा गे मारबत." शेजारच्या माणसाला वाटलं, याच्या शेताला पाटाचं पाणी मिळत नसेल. त्यानंही जोरानं साथ दिली.

दसरा झाल्यावर आनंदरावांच्या नावावर परदेशी तिकिटाचं पाकीट आलं. त्यांनी मालधक्क्यावर उभ्या उभ्या फोडलं. वरच फोटो होता. होडी काठाशी बुडालेली. पाण्यावर फक्त तिची कड आणि डोलकाठी. शेजारी गुडघाभर पाण्यात साहेब उभा. आनंदरावांना पत्र वाचायचा धीर झाला नाही. साहेब हसतो आहे हेही त्यांनी नीट पाहिलं नाही. पाकीट खिशात घालून ते शालिकरामकडे चालत गेले, आणि वाटेत ओळखीच्या दोघांनी, कुणाच्या घरी काही झालं काय, म्हणून विचारलं.

शालिकराम अंगणात जर्मन रंध्यानं फळी साफ करत होता. कौशल्या विळीवर मरळ कापत होती. भीमाबाई उन्हाला पाठ देऊन बसली होती.

"शालिकराम, साहेबाचं पत्र आलं. होडी पोचली."

"मंग?"

"तू आधी बस."

"बसूनच आहो ना बाबू."

आनंदरावांनी फोटो दिला आणि दुसरीकडे पाहिलं. शालिकरामनं तो दूर धरला, जवळ धरला.

"पोरगी... पोरगी नसेल रे त्यात," आनंदराव म्हणाले.

"पेऊन राह्यला," शालिकराम म्हणाला.

"काय?"

"पाणी पेऊन राह्यला, बाबू. बुडला नाही, बुडवला. हे दगड पाहा ना आतमध्ये. बराबर मधात ठेवले. साहेबाले अक्कल आहे."

आनंदरावांनी दगड पाहिले. मग ते तिथंच लाकडाच्या ढिगावर बसले आणि त्यांनी पत्र उघडलं. त्यातून दुसरा फोटो निघाला : पाण्याच्या मधोमध शीड फुगवून तिरकी चाललेली होडी, साहेब मागे, आणि पुढच्या पाटावर दोन वेण्या. तोंड उघडं. नवा दात आलेला.

ते पत्र वाचून सांगू लागले. होडी सप्टेंबरात पोचली. मुलीसकट फोटो पाठवायचा म्हणून उत्तराला उशीर केला, माफी असावी. सांधे उघडले होते, पण पाणी पाजल्यावर थेंबभरही आत येत नाही. 'तुम्ही कळवलंत ते चांगलंच केलंत, पण आमच्याकडेही हीच रीत आहे. माझे आजोबा नव्या होडीला तीन दिवस पाणी पाजत असत.'



"त्याले मालूम होतं?" शालिकराम म्हणाला.

"तसंच दिसतं."

"मंग मी इतके दिवस वरण काहून खाल्लं?"

याचं उत्तर पत्रात नव्हतं. कौशल्यानं हात धुऊन फोटो घेतला. ती होडीकडे पाहत नव्हती. डोलकाठीच्या टोकाला वाऱ्यावर काहीतरी फडफडत होतं.

"हा तं आपला दुपट्टा," ती म्हणाली.

आनंदरावांनी पत्र पुन्हा पाहिलं. खरंच, तळाशी लिहिलं होतं. होडीत तुमचं कापड सापडलं. वारा कुठून येतो ते पाहायला वर कापड लागतंच, तेव्हा तेच बांधलं आहे. पहिल्या फेरीपासून तेच आहे.

"काळ्यापांढऱ्या फोटोत तुम्ही कसं ओळखलंत?" त्यांनी विचारलं.

"हे बीडीचं भोक पाहा ना. यायले कितीक खेप सांगतलं मी, दुपट्ट्यावर बीडी झाडू नोका म्हणून."

आता सगळ्यांनी भीमाबाईकडे पाहिलं. डोंगा पार होऊन आला होता. राहिला होता तो दुसरा मुद्दा. तिच्या अधू डोळ्यांना फोटोत काही दिसणं शक्य नव्हतं, तरी तिनं तो हातात घेतला आणि दुपट्टा कुठं आहे तिथं बोट ठेवून घेतलं.

"मोठ्या घरात नवरदेव लढाईवर असला तं तलवारीसंग लगन लावतेत," ती म्हणाली. "तलवार चालते, तं दुपट्टा काहून नाही चालत? पयल्या पाण्यात शालिक होता. वाढ वं त्याले."

त्या दुपारी आनंदराव जेवायला थांबले. शालिकरामनं पाटावर बसून आधी ताटाकडे नुसतं पाहिलं, मग नमस्कार केला आणि पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला तो खोकला, लाल झाला, आणि त्यानं गळ्याशी हात नेला.

मरळीत काटे असून असून किती. कन्हानला ती दात येणाऱ्या पोरांना भरवतात. पण पाच महिन्यांत त्याची जीभ धंदा विसरली होती. भीमाबाईनं कोरड्या भाकरीचा मोठा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला, पाठीत दोन गुद्दे घातले आणि समाधानानं म्हणाली, "माशायनं बी आपला हिशेब पुरा केला."

काटा उतरला. शालिकरामनं डोळे पुसले आणि पुढचा घास घेतला. कौशल्या मात्र आनंदरावांकडे वळली.

"बाबू, हे कोनाले सांगू नोका. ढिवराच्या गळ्यात काटा, अन् तो बी मरळीचा. मले बाजारात मासे विकाचे आहेत."

आनंदरावांनी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी कामठीच्या बाजारात तिनं टोपली उतरवली, तर पहिलंच गिऱ्हाईक मासा उलटा न करता म्हणालं, "दे वं बाई. काटा निघाला ना पण नवऱ्याचा?"